पेरापर्यंत मेंदी

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामात पॅकिंगच्या लाइनवर ललिता रोकडेचा शब्द चालायचा. बाकीच्या बायकांना निळं जॅकेट, तिला एकटीला लाल. ते लाल जॅकेट ती घरी आणून स्वतः धुवायची, इस्त्री करायची आणि सकाळी बौद्धवाडीपासून गोदामाच्या फाटकापर्यंत अंगात घालूनच चालत जायची. जॅकेट ठेवायला आत खुंट्या होत्या, पण खुंटीवर टांगलं तर वाटेत कोणाला दिसणार? नवरा गेला तेव्हा पोरं लहान होती. गोदामात आली ती हौदावर क्रेट धुवायला. तिथून चढत चढत लाइनवर आणि लाइनवरून लाल जॅकेटात. या चढण्यात तिनं कोणाला मस्का लावला नव्हता आणि कोणाचं ऐकूनही घेतलं नव्हतं. त्यामुळं तिला मान भरपूर होता आणि मैत्रिणी कमी. खरं सांगायचं तर एकच होती, तय्यबा.

तय्यबा भिवंडीची. एके काळी घरचे लूम होते, कापड विणायचे. धंदा बसला तसे तिच्या नवऱ्यानं, नूरुद्दीननं, एकेक करून ते भंगारात काढले. घरामागची शेड तेवढी उरली, आणि शेडच्या भिंतीला लागून एक मेंदीचं झाड. मालकीण होती ती मजूर झाली, असं लोक तिच्या पाठीमागं बोलायचे. तय्यबा ते स्वतःच त्यांच्या तोंडावर बोलून मोकळी व्हायची आणि हसायची. ती गोदामाच्या बसनं यायची. दुपारच्या सुट्टीत ललिताच्या डब्यातली सुकट आणि तय्यबाच्या डब्यातली तांदळाची भाकरी एकाच झाकणात पडायची. इतक्या वर्षांत त्यात खंड पडला नव्हता.

ललिताची थोरली मुलगी संघरत्ना शिकून नर्स झाली आणि इंग्लंडातल्या एका दवाखान्यात लागली. हे सगळ्या वळला माहीत होतं, कारण ललितानं ते सगळ्या वळला सांगितलं होतं. जे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं ते असं, की गेल्या वर्षी संघरत्नाला दिवस राहिले होते आणि पाचव्या महिन्यात पोर गेलं. जावई ड्युटीवर. ज्या दवाखान्यात ती दुसऱ्यांची बाळं हातात घ्यायची, तिथंच एकटी पडून तिनं आईला फोन लावला. बोलली काहीच नाही, नुसती रडत राहिली. ललितानं ते रडणं गोदामामागं, टेंपो उभे करतात तिथं उभं राहून ऐकलं, आणि सुट्टी संपली तशी लाइनवर जाऊन उभी राहिली.

आता पुन्हा दिवस गेले होते, तारीख फेब्रुवारीअखेरची होती. या वेळी पोरीनं स्पष्टच सांगितलं.

"आई, या खेपेला तू पाहिजेस. मला सगळं येतं, शिकलेय मी. तरी तुझे हात पाहिजेत."

ललितानं दुसऱ्याच दिवशी धाकट्याला, मिलिंदला, कामाला लावलं. तो शेजारच्या राहनाळला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचा. पासपोर्ट झाला, अर्ज झाला, आणि मुंबईच्या व्हिसा ऑफिसची तारीख मिळाली. जानेवारीतला मंगळवार. तिथं इंग्लंडच्या सरकारसाठी कागद घेतात, फोटो काढतात, दहा बोटांचे ठसे घेतात. एवढं झालं की पुढं सरकार बघतं, असं मिलिंदनं सांगितलं. ललितानं सोमवारी लाइनवर ही बातमी अशी दिली, जणू इंग्लंडच्या सरकारनं तिला खास बोलावणं धाडलंय.

त्याच सोमवारी शिफ्ट सुटल्यावर तय्यबानं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत हिरवागार मेंदीचा गोळा होता. शेडमागच्या झाडाचा पाला पहाटे उठून तिनं पाट्यावर वाटला होता.

"हात कर पुढं," तय्यबा म्हणाली. "आमच्यात लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईचे हात कोरे धाडत न्हाईत."

ललिताचा हात पुढं झाला नाही. नवरा गेल्यापासून तिच्या हाताला रंग म्हणून काही लागला नव्हता. कोणी मनाई केली होती असं नाही. वाडीतल्या लग्नांत बायका हळद खेळायच्या, मेंदी काढायच्या, तिला कोणी नको म्हटलं नसतं. पण कोणी ये असंही म्हटलं नव्हतं, आणि आपण होऊन मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. आजूबाजूला बायका जमल्या होत्या. गावातलीच तुळजा, जी लाइनवर ललिताच्या खालोखाल होती आणि तिला ते खालोखाल खुपायचं, ती हळूच म्हणाली की नवरा नसलेलीच्या हातावर बरं दिसेल का.

हे ऐकल्याबरोबर ललितानं दोन्ही हात पुढं केले.

"माझा हात हाय तुळजे, तुझा न्हाय," ती म्हणाली. "काढ गो तय्यबा. भरून काढ."

तय्यबाची मेंदी जुन्या चालीची. हल्लीच्या पोरींसारखी कोनातून काढलेली वेलबुट्टी नाही. तळव्यात एक मोठा गोल आणि दहाही बोटं टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पूर्ण माखलेली. तिच्या आईनं तिच्या लग्नात अशीच लावली होती. लावून झाल्यावर तिनं ललिताचे दोन्ही हात भाजीच्या प्लॅस्टिक पिशव्यांत घालून मनगटाला सुतळी बांधली, आणि लाल जॅकेटातली ललिता हातात पिशव्या घालून सगळ्या गावातून घरी गेली. लोक हसले, आणि तिलाही हसू येत होतं. भाकरी मिलिंदला बाहेरून आणायला सांगून ती लवकर आडवी झाली. सकाळी हात धुतले तर रंग असा चढला होता, की तिनं कंदिलासारखे ते उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिले.

मुंबईला तिला तय्यबाच्या मुलानं, अफजलनं, नेलं. अफजल गोदामाचा टेंपो चालवायचा आणि सकाळचा माल घेऊन मुंबईला जायचाच. पुढच्या सीटवर ललिता बसली, मांडीवर कागदांची पिशवी आणि डबा. ऑफिसची इमारत काचेची होती. टेंपोला थांबू देत नव्हते म्हणून अफजलनं तिला कोपऱ्यावर उतरवलं आणि माल टाकून येतो म्हणाला.

दारावर वॉचमननं डबा उघडायला लावला. सुकटीचा वास सुटला आणि मागची सुटाबुटातली माणसं इकडंतिकडं बघायला लागली. डबा आत नेता येणार नाही, तो म्हणाला, टाकून द्या. अन्न टाकणं ललिताला जमणारं नव्हतं. तिची वेळ व्हायला अवकाश होता. ती समोरच्या कठड्यावर बसली, सगळा डबा शांतपणे खाल्ला, घोटभर पाणी प्याली, हात धुतले, पदराला पुसले, आणि रिकामा डबा वॉचमनच्या टेबलाखाली ठेवून आत गेली. त्यानं नुसतं टेबलाखाली वाकून बघितलं. बोलायला ललितानं जागा ठेवली नव्हती.

आत थंडगार होतं. खुर्च्या, नंबर, काचेमागं पोरीपोरं. कागद घेणाऱ्यानं कागद घेतले, ते सगळे बरोबर होते. मग तिला ठशांच्या खोलीत पाठवलं. तिथं मृणाली नावाची मुलगी होती, गळ्यातल्या पट्टीवर नाव मराठीतही होतं. ललिताला बरं वाटलं. तिनं रुबाबात दोन्ही हात यंत्राशेजारी ठेवले.

मृणालीनं हात पाहिले आणि तिचा चेहरा पडला.

"मावशी, मेंदी कधी लावली?"

"काल. लेकीच्या बाळंतपणाला चाललेय."

मृणालीनं शेजारच्याला बोलावलं. तोही हात बघून गेला. मेंदी लावलेल्या बोटांचे ठसे चालत नाहीत, असा नियम होता. तळव्यावर असती तर चाललं असतं, पण बोटांच्या टोकांवर नको. ललितानं सांगून पाहिलं की रेघ तीच आहे, रंग वरचा आहे. मृणाली भली पोर. तिनं एकदा बोटं काचेवर ठेवायला लावली. यंत्रावर लाल दिवा लागला. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल.

बाहेर बाकावर बसलेली माणसं उघड्या दारातून बघत होती. ललिताला वाटलं हात पदराखाली घ्यावेत. तिनं घेतले नाहीत. तसेच काचेशेजारी ठेवून ती बसून राहिली, कारण हात लपवले असते तर जिनं ते रंगवले तिची लाज वाटल्यासारखं झालं असतं.

रंग पूर्ण जाऊ द्या आणि नवी तारीख घेऊन या, मृणालीनं समजावलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मावशी, घाईनं दगडानं घासू नका हं. ब्लीच लावू नका. कातडी गेली तर ठसाच येणार नाही."

टेंपोत बसल्यावर ललितानं अफजलला झालेलं सांगितलं, कारण तो विचारल्याशिवाय राहणार नव्हता. वर बजावलं की हे घरी बोलायचं नाही. अफजलनं मान हलवली, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मिलिंद मात्र घरी बोलला. कोणी सांगितलं होतं मेंदी लावायला, आपल्यात कुठं असली पद्धत आहे, त्या बाईला एवढं कळत नाही का. ललितानं त्याला बोलू दिलं. मग विचारलं की हा नियम त्यांनी कुठं लिहिला होता का. मिलिंदनं मोबाईल उघडला. ऑफिसच्या मेलमध्ये अगदी खाली लिहिलेलं होतं. तो तिथपर्यंत वाचत गेलाच नव्हता. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"तिचं नाव या घरात परत घेऊ नको," ललिता म्हणाली. "तिनं लावली न्हाय, मी लावून घेतली. हात माझे व्हते."

नवी तारीख मिळाली ती पंधरवड्यानंतरची. त्यापुढं व्हिसा यायला तीन आठवडे तरी धरायचे. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर ललिता बाळाच्या चार दिवस आधी पोचणार, आणि या वेळीही ठसे आले नाहीत तर पोर पुन्हा एकटीच बाळंत होणार. संघरत्नाला तिनं फोनवर एवढंच सांगितलं की तारीख पुढं गेली. ऑफिसं आहेत ती, असं चालायचंच. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ आपल्या बोटांकडं बघत बसली. इतका सुंदर रंग. आदल्या दिवशी ज्याच्यासाठी तिनं तुळजाला गप्प केलं होतं, तोच आता तिला घालवायचा होता.

रंग कशानं जातो हे तिला ठाऊक होतं. बाईच्या हातची मेंदी पाण्यानं आणि कामानं जाते. लाइनवर डबे भरून, टेप मारून ती गेली नसती. गोदामात एकच जागा अशी होती जिथं दिवसभर हात पाण्यात, ती म्हणजे मागचा हौद.

सुपरवायझर पंढरी तिच्या मुलाच्या वयाचा. तिनं जाऊन सांगितलं की थोडे दिवस मला हौदावर टाक. पंढरीला वाटलं ती रागावलीय. कोण काय बोललं, ताई, मला सांगा, मी बघतो. ललितानं लाल जॅकेट काढलं, टेबलावर नीट घडी घातली.

"मी परत येईन तेव्हा ही घडी अशीच पाहिजे," ती म्हणाली.

घडी तशी राहिली नाही. लाइनला कोणीतरी लागतंच. दुपारपर्यंत ते जॅकेट तुळजाच्या अंगात होतं, आणि तिला ते खांद्यावर ढगळ होत होतं.

हौद गोदामाच्या मागच्या भिंतीला. भाज्यांचे, माशांचे, दुधाचे क्रेट येऊन पडायचे. त्यांना चिकटलेली घाण, सडलेला पाला, खवले. पाण्यात सोडा टाकायचा, काथ्यानं क्रेट घासायचा, दुसऱ्या हौदात बुडवायचा, उन्हात पालथा मारायचा. जानेवारीचं पाणी सकाळी असं गार, की बोटं काही वेळ आपली नाहीतच असं वाटायचं. रबरी हातमोजे होते. ललितानं ते काठावर काढून ठेवले. पंढरी ओरडला की मोजे सक्तीचे आहेत, तेव्हा तो येताना दिसला की ती घालायची आणि तो गेला की काढायची. गुडघे दुखायचे. कंबर वाकवून वाकवून रात्री सरळ होत नव्हती. सोड्यानं बोटांच्या खाचांत भेगा पडल्या आणि त्यात माशाचं पाणी गेलं की ती दातावर दात धरायची. घरी आल्यावर भांडी राखेनं घासायची, भाकरीचं पीठ दोनदा मळायची. रविवारी विहाराची सगळी फरशी पुसून काढली. वाडीतल्या बायकांना वाटलं, इंग्लंडला जायचं म्हणून पुण्य जोडतेय.

गोदामात वेगळंच बोललं जात होतं. व्हिसा नाकारला. म्हातारीचा तोरा उतरला. तिकडंही नको म्हणाले आणि इकडंही खाली उतरवलं. हे सगळं ललिताच्या कानावर यायचं, कारण तिला ऐकू जाईल असंच बोललं जायचं. तुळजा लाइनवरून हाक मारायची, "अगं ए, क्रेट पाठव, खोळंबा झालाय." वर्षानुवर्षं जी तिला ताई म्हणत आली, तिच्या तोंडी हे 'अगं ए'. ललिताच्या कानशिलात सणक उठायची. एक वाक्य बोलली असती तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पण ते वाक्य तय्यबाच्या मेंदीचं होतं. मग सगळ्या गोदामानं तय्यबाला धरलं असतं, आणि तुळजानं तर दुसऱ्या चार गोष्टी जोडून दिल्या असत्या. ललिता क्रेट उचलायची आणि पाठवायची.

तय्यबाला ती म्हणाली होती की लाइनवर उभं राहून पाय सुजतात, हौदावर बरं. तय्यबानं ते ऐकून घेतलं, पण तिला पटलं नव्हतं. डबा खाताना ललिता डावा हात झाकणाखाली ठेवायची आणि उजव्याची टोकं आत वळवून भाकरी मोडायची. इतकी वर्षं एका झाकणात जेवलेल्या बाईला हे दिसणार नाही असं तिला कसं वाटलं, कोण जाणे.

आठवडा उलटला आणि अफजलच्या पोटात राहिलं नाही. एका दुपारी सुट्टीची घंटा झाली. ललिता हौदाच्या काठावर हात पुसत होती. तय्यबा सरळ तिच्यापुढं येऊन उभी राहिली. हातात डबा नव्हता.

"दाखव हात."

ललितानं हात मागं घेतले.

"मी काढली तेव्हा पुढं केलेस, आता मागं घेतेस?"

मग ललितानं दाखवले. गोल अजून तळव्यात होता, फिका नारिंगी. बोटांची टोकं भेगाळलेली, पांढरी पडलेली, त्यावर रंगाचे डाग उरलेले. तय्यबानं ते दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ललितानं आजवर तिला लूम भंगारात गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. तय्यबा वळली आणि डबे उघडून बसलेल्या बायकांकडं तोंड करून मोठ्यानं बोलली.

"ऐका गो. हिचा व्हिसा कोणी नाकारला न्हाय. माझ्या मेंदीमुळं हिचे ठसे घेतले न्हाईत. माझी चूक हाय. ही माझ्यासाठी गप राहिली, आणि तुम्ही हिला काय काय बोललात ते मला सगळं ठाऊक हाय."

तुळजा डब्यात बघत होती.

"तुला कोणी सांगितलं व्हतं बोलायला?" ललिता चिडून म्हणाली. तिचा आवाज मात्र चिडलेला येईना.

"तुला कोणी सांगितलं व्हतं गप बसायला?" तय्यबा म्हणाली, आणि हौदाच्या काठावर बसून तिनं ललिताच्या डब्यातली सुकट घेतली.

त्या दिवसापासून तय्यबाही हौदावर आली. पंढरीला विचारलंसुद्धा नाही. खवल्यांचे, सोड्याचे क्रेट ती स्वतः ओढायची आणि साध्या पाण्याचं काम ललिताकडं ठेवायची. तारखेला चार दिवस उरले तेव्हा तिनं ललिताला पाण्याला हातच लावू दिला नाही. रंग गेला होता. आता कातडी भरून यायला पाहिजे, ती म्हणाली, नाही तर एकाच्या जागी दुसरं व्हायचं. दुपारच्या सुट्टीत ती ललिताची बोटं एकेक करून खोबरेल तेलानं चोळायची. सगळ्यांच्या देखत. ललिताला आधी अवघडल्यासारखं झालं. मग तिनं भिंतीला पाठ टेकली आणि पाय पसरून चोळून घेतलं. भांडी घरी मिलिंदनं घासली.

दुसऱ्या खेपेला टेंपोच्या पुढच्या सीटवर तिघं होते. तय्यबा कामावर खाडा करून आली होती. तिला आत सोडणार नव्हते हे माहीत असून आली. त्याच कठड्यावर ती बसली, ओठ हलवत दुवा मागत. वॉचमननं ललिताला ओळखलं. डबा कुठंय, म्हणाला. आज बाहेर बसलाय, ललिता म्हणाली.

मृणालीनंही ओळखलं. तिनं आधी ललिताची बोटं उलटीसुलटी करून पाहिली. भेगा भरत आल्या होत्या, पण पूर्ण भरल्या नव्हत्या. तिनं काच पुसली. ललितानं उजव्या हाताची चार बोटं ठेवली, वरून मृणालीनं हलकेच दाबली. हिरवा दिवा. डाव्या हाताची चार ठेवली. लाल.

पुन्हा ठेवली. लाल.

ललिताच्या कानात संघरत्नाचं ते रडणं, टेंपोंच्या मागं उभं राहून ऐकलेलं. ती मनात म्हणाली, माझे हात म्हणाली होती पोर, हेच हात. मृणालीनं तिला कोरडा कागद दिला. बोटं पुसा, घाई नाही, मावशी, मन शांत करा. ललितानं एकेक बोट पुसलं, तय्यबा चोळायची त्याच क्रमानं, करंगळीपासून. मग डावा हात काचेवर ठेवला आणि तिनं यंत्राकडं पाहिलंच नाही. समोरच्या भिंतीकडं पाहत राहिली.

"आलं," मृणाली म्हणाली. "आता फक्त अंगठे."

अंगठे पहिल्याच खेपेला आले. उठताना मृणालीला तळव्यातला गोल दिसला, अगदी पुसट, ओळखणाऱ्यालाच दिसेल असा. ही राहिलीच की, ती हसून म्हणाली.

"ती राहू दे," ललिता म्हणाली.

बाहेर कठड्यावरून तय्यबा उठून उभी राहिली होती. विचारायची तिची हिंमत होईना. ललितानं दोन्ही हात वर करून दहा बोटं दाखवली, आणि रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली तरी खाली केली नाहीत.

पासपोर्ट कुरियरनं आला तेव्हा फेब्रुवारीचा तिसरा आठवडा चालू होता. मिलिंदनं व्हिसाचं पान मोबाईलवर सगळ्यांना पाठवलं. ललिता ठसे दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी लाइनवर परतली होती. तिनं काही मागितलं नाही. तुळजानंच जॅकेट काढून दिलं, धुतलेलं, इस्त्री केलेलं. घे, ताई, म्हणाली. ललितानं ते घातलं, बटणं लावली आणि लाइनवर नजर टाकली. टेप नीट लागत नव्हती. तिनं ते सांगितलं.

निघायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तय्यबा घरात तांदूळ निवडत बसली होती. गल्लीत रिक्षा थांबली. लाल जॅकेटातली ललिता आत आली, पाणीसुद्धा न मागता मागच्या दारानं अंगणात गेली आणि मेंदीच्या झाडाचा पाला ओरबाडून ओटीत भरायला लागली.

तय्यबा धावत मागं आली. तिनं दोन्ही हात कानांना लावले. नको गो, ती म्हणाली, या हातांनी मी परत तसलं काही करणार नाही. माझ्या जिवाला घोर लागून राहील. तुझं विमान सुटेपर्यंत मला झोप येणार नाही.

ललितानं पाला पाट्यावर टाकला आणि अंगणातल्या खाटेवर मांडी घालून बसली. मिलिंदनं या वेळी मेल शेवटपर्यंत वाचला होता. दोनदा वाचला होता. इंग्लंडात उतरल्यावर विमानतळाच्या दारात परत बोटं तपासतात, म्हणून त्यानं तिला बजावून पाठवलं होतं. हे ललिताकडून ऐकून तय्यबाला धडकीच भरली. मग तर मुळीच नाही, ती म्हणाली.

"वाट तू," ललिता म्हणाली. "टोकं सोड. ती दहा टोकं त्यांच्या सरकारला दाखवायचीत. बाकीचा सगळा हात माझ्या लेकीला दाखवायचाय. तो कोरा न्यायचा न्हाय."

तय्यबानं कानांवरचे हात काढले. मग पाट्यापाशी बसली. वाटताना तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती ते ललितानं विचारलं नाही. नूरुद्दीन खोकत खोकत दारात आला, बघितलं, आणि चहा टाकायला आत गेला.

या वेळी गोल पहिल्यापेक्षा मोठा होता. तळवा भरला, मनगटापर्यंत भरला, बोटं खालून वर भरत आली. पहिल्या पेराशी तय्यबा थांबायची, डोळे बारीक करून बघायची, आणि कडेला चुकून लागलेला कणही पदराच्या टोकानं पुसून काढायची. दहा वेळा थांबली. दहाही टोकं कोरी राहिली, थोडी खरखरीत, भेगांच्या पुसट रेघा असलेली.

चहा आला तेव्हा ललिताचे दोन्ही हात मांडीवर उताणे होते, ओल्या मेंदीनं जड झालेले. तय्यबानं बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि बशी तिच्या ओठांशी धरली. लाइनवर सगळ्यांना हुकूम सोडणारी ललिता रोकडे मान पुढं करून, मुकाट्यानं, शेवटच्या घोटापर्यंत तो चहा प्याली.